शिफ्ट इन्चार्ज झालास ना, आता वाईट बातमी तुझ्याकडं किती लवकर येते ते बघ

भाऊ, आधी अभिनंदन. तुझा प्रश्न थोडक्यात असा, की नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या मशिन शॉपमध्ये इतकी वर्षं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी कटिंगची मशिन) चालवली, आता शिफ्ट इन्चार्ज केलं, कालपर्यंत टपरीवर सोबत खर्रा खाणारी पोरं आता तू आला की गप्प होतात नाहीतर मागून हसतात, वरून मॅनेजर म्हणते आवाज चढवल्याशिवाय हे लोक ऐकत नाहीत, आणि तू विचारून राहिला की धरमपेठेत इंग्लिश स्पीकिंग आन पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास लावू का. मी बुटीबोरीत प्रॉडक्शन सांभाळतो, शॉप फ्लोअरवरच केस पिकले, आणि आता नवीन सुपरवायझर तयार करायचं काम माझ्याच गळ्यात आहे. त्याच्यामुळं उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बस.

माझ्या हिशोबानं लीडर चांगला का वाईट हे ओळखायची एकच खूण आहे. तुझ्या शिफ्टमध्ये काही बिघडलं तर ते तुला किती वेळात आणि कोणाच्या तोंडून कळते. ज्याच्या हातून बिघडलं तोच पाच मिनिटांत येऊन सांगत असेल तर तुला भाषण येवो न येवो, काही फरक पडत नाही. आणि तेच दुसऱ्या दिवशी क्वालिटीवाल्याकडून, किंवा महिन्यानं कस्टमरच्या मेलमधून कळत असेल तर कितीही कडक इस्त्रीचा शर्ट घाल, शिफ्ट तुझ्या हातात नाही. कॅरेक्टर म्हण का कम्युनिकेशन म्हण, दोन्ही गोष्टी मी याच मापानं मोजतो, कारण माणूस वाईट बातमी फक्त त्यालाच सांगते ज्याचा भरोसा वाटते आणि ज्याच्याशी बोलायची भीती वाटत नाही.

आमच्या लाइनीत एक सुपरवायझर होता, नाव नाही सांगत. त्याच्या शिफ्टचं रिजेक्शन, म्हणजे खराब निघून बाद झालेला माल, कागदावर सगळ्यात कमी, दर मीटिंगमध्ये त्याचं कौतुक, बाकीच्यांना सांगायचे याच्याकडून शिका. पुढं त्याची शिफ्ट बदलली आणि नवीन माणसानं कॉम्प्रेसर रूमच्या मागची जागा साफ करायला घेतली तर तिथं अंडरसाइज जॉबचे, म्हणजे मापापेक्षा लहान कापल्या गेलेल्या पार्टचे, बिनच्या बिन निघाले. पोरं चोर नव्हती. त्यांना एवढंच माहीत होतं की साहेबाला सांगितलं की सगळ्यांसमोर आईबापाचा उद्धार होते, न सांगितलं की काहीच होत नाही. आता सांग, यात लबाडी पोरांनी शिकवली का त्यानं.

हे नुसतं माझंच म्हणणं नाही. एमी एडमंडसन नावाच्या हार्वर्डच्या बाई आहेत, त्यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला, औषध देताना कुठं चुका होतात ते पाहायला. त्यांना वाटलं होतं चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील, आकडे आले उलटे, ज्या टीम चांगल्या म्हणून निघाल्या त्यांच्यातच नोंदवलेल्या चुका जास्त. मग खोदून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की तिथं चुका जास्त होत नव्हत्या, तिथल्या नर्सा त्या सांगत होत्या, बाकीकडं दाबल्या जात होत्या. पुढं १९९९ मध्ये त्यांनी यावर पेपर लिहिला, आता सायकॉलॉजिकल सेफ्टी, म्हणजे चूक न घाबरता सांगता येणं, हा शब्द मॅनेजमेंटच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये ऐकू येते, पण ट्रेनिंगवाले तो असा सांगतात की जणू सगळ्यांशी गोड गोड बोलायचंय. तसं काही नाही. काम कडकच करून घ्यायचं, फक्त सांगणाऱ्याला मारायचं नाही.

म्हणून पहिला धडा, आणि मला विचारशील तर अर्धं काम यातच होते. वाईट बातमी आली की पहिले दहा सेकंद तुझं तोंड कसं दिसते. रात्री दोन वाजता ऑपरेटर येऊन म्हणते, "दादा, वेअर ऑफसेटमध्ये ०.०५ च्या जागी ०.५ टाकल्या गेला, जॉब खाली गेले." (वेअर ऑफसेट म्हणजे टूल झिजलं की मशिनला द्यायची मापाची दुरुस्ती, तिथं आकडा चुकला की जॉब मापाखाली कापल्या जाते.) तेव्हा तुझ्या डोक्यात उद्याचं डिस्पॅच, मॅनेजरचा चेहरा, सगळं एकदम येईल, येऊ दे, पण तोंडातून तीनच प्रश्न निघाले पाहिजेत आणि ते याच क्रमानं. कोणाला लागलं तर नाही ना. मशिन आता थांबली आहे ना. खराब माल कुठपर्यंत गेला, बिनमध्ये आहे का पुढच्या ऑपरेशनला गेला. कोणी केलं हा प्रश्न त्या वेळी विचारायचाच नाही, तसाही तो समोरच उभा असते. माल वेगळा झाला, लाल टॅग लागला, त्याच्यानंतर म्हण की बरं झालं लगेच सांगितलं. कोरडं म्हटलं तरी चालते, नाटक नको. मग दुसऱ्या दिवशी डोकं थंड असताना बस त्याच्यासोबत आणि विचार की हे आकडे चुकीचे पडलेच कसे, तर बहुतेक वेळा कळेल की स्क्रीनवरचा डेसिमल कूलंटच्या डागात दिसतच नाही, किंवा नवीन इन्सर्टनंतर, म्हणजे टूलचं कापायचं टोक बदलल्यावर, फर्स्ट पीस चेक करायला मापाचा गेजच जागेवर नसते, कोणीतरी दुसऱ्या मशिनवर नेलेला असते. ते दुरुस्त कर. ज्याला ओरडून गप्प बसवलं त्याच्याकडून ही माहिती तुला जन्मात मिळाली नसती.

टोयोटाच्या लाइनवर वर दोरी असते, आता बऱ्याच ठिकाणी बटण, कोणत्याही कामगाराला काही गडबड वाटली तर ओढायची, टीम लीडर धावत येतो, ठरलेल्या जागेपर्यंत नाही सुटलं तर लाइन थांबते. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांनी हे पाहून दिवे लावले, बटणं लावली, लाखो रुपये गेले, आणि ती बटणं धूळ खात पडली आहेत, कारण बटण दाबल्यावर येणारा माणूस जुनाच आहे.

आता आवाज चढवायचं. तुझा मॅनेजर जे सांगते ते शंभर टक्के खोटं नाही, शॉपमध्ये मशिनींचा एवढा आवाज असते की हळू बोललेलं कोणाला ऐकूच येत नाही. पण ओरडणं ही सेफ्टीची वस्तू आहे. क्रेनखाली कोणी आला, चकमध्ये, म्हणजे जॉब धरून फिरणाऱ्या भागात, कोणाची बाही जायला लागली, तेव्हा तुझ्या एका ओरडण्यावर सगळा शॉप जागच्या जागी थिजला पाहिजे. तू रोज हजेरीवरून, झाडूवरून, मोबाइलवरून ओरडत असशील तर त्या दिवशी कोणी मान वर करून पाहणार नाही, म्हणतील चालू झालं याचं. त्यातही मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, बाहेर पारा ४५ च्या वर, कूलर नुसती गरम हवा फेकते, त्या वेळी सगळ्यांचं डोकं आधीच तापलेलं असते, दुपारी दोन ते चार मी स्वतः कोणाला रागावायचं काम हातातच घेत नाही, संध्याकाळी पाहू म्हणतो.

आणि वरिष्ठाचा दरारा किती महागात पडू शकते याचं उदाहरण सगळ्या जगाला माहीत आहे. २७ मार्च १९७७, टेनेरिफ बेटाचा विमानतळ, धुकं, दोन बोइंग ७४७, एक केएलएम कंपनीचं आणि एक पॅनॅमचं, धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. केएलएमच्या कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरला शंका आलेली की पॅनॅमचं विमान अजून समोरून हटलं नाही काय, त्यानं विचारलं सुद्धा. कॅप्टन हा कंपनीतल्या सगळ्यात वरिष्ठ ट्रेनिंग पायलटांपैकी, तो ठासून म्हणाला हटलं, आणि इंजिनिअर पुढं काही बोलला नाही. कॅप्टन नालायक नव्हता, उलट खूप हुशार होता, तीच अडचण झाली. असल्या अपघातांमधूनच पुढं पायलटांना एकमेकांना टोकायचं ट्रेनिंग द्यायला सुरुवात झाली, ज्युनिअरनं बोलायचं कसं आणि सिनिअरनं ऐकायचं कसं, दोन्ही. तू शॉपमधला सगळ्यात चांगला ऑपरेटर होतास म्हणून इन्चार्ज झालास ना? मग हे तुझ्यासाठीच आहे. पोरांना वाटते याला सगळंच माहीत आहे, आपण काय सांगायचं. त्यामुळं सेटिंगचं काही ठरवायच्या आधी ज्याची मशिन आहे त्याला विचार, तुझं मत शेवटी सांग. आधी सांगितलंस तर सगळे "बरोबर आहे दादा" म्हणून मोकळे होतील.

विचारायची पण पद्धत असते. "सगळं ठीक ना?" म्हटलं की "हाव दादा". "समजलं का?" म्हटलं की "हाव दादा". हे प्रश्न विचारायला जो वेळ लागते तो वाया. त्यापेक्षा विचार, "आज सगळ्यात जास्त डोकं कशानं खाल्लं?" किंवा "पहिले काय करशील, मग काय?" आणि विचारून झालं की गप्प राहा. खरंच गप्प. आपण नागपूरवाले, दोन सेकंद शांतता झाली की आपल्याले बेचैन होते, आपणच उत्तर देऊन टाकतो. काम समजावल्यावर त्याच्याकडून परत वदवून घ्यायचं असेल तर "मी नीट सांगितलं का ते पाहतो, तू सांग बरं एकदा" असं म्हण, म्हणजे परीक्षा तुझी होते, त्याची नाही. छिंदवाडा, बालाघाट, बिहारकडची पोरं असतील तर सरळ हिंदीत बोल, आणि त्याहून बरं म्हणजे मशिनजवळ जाऊन जॉब हातात घेऊन दाखव. ड्रॉइंगवर बोट ठेवून केबिनमध्ये दिलेली सूचना रस्त्यातच अर्धी सांडते.

आता हँडओव्हर, म्हणजे सुटणाऱ्या शिफ्टनं येणाऱ्या शिफ्टला काम सोपवणं. यावर मी जरा हट्टीच आहे, लोक कंटाळतात माझ्यावर. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाचा तेलाचा प्लॅटफॉर्म जळाला, १६७ माणसं मेली. दिवसा एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला, काम संध्याकाळपर्यंत संपलं नाही म्हणून तिथं तात्पुरती झाकण-फ्लँज बसवली. कागद भरलेले होते, दुरुस्तीचं परमिट होतं, पण शिफ्ट बदलताना ही गोष्ट रात्रीच्या माणसांपर्यंत पोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, यांना वाटलं पहिला चालू करता येते, केला, तिथून गॅस सुटला. नंतर लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० मध्ये आला, त्यात १०६ शिफारशी होत्या, आणि परमिट, हँडओव्हर, हे सगळं त्याच्यात आलं. आपलं मशिन शॉप म्हणजे काही तेलाचा प्लॅटफॉर्म नाही, मान्य, पण गार्ड काढून ठेवलेला, दार उघडलं की मशिन थांबवणारा इंटरलॉक बायपास केलेला, चकचा एक जॉ (जबडा) ढिला, ही माहिती जर गेटवर गाडीला किक मारता मारता "बाकी सगळं बरोबर आहे" मध्ये बुडाली तर बोटं जायला वेळ लागत नाही.

त्यामुळं तुझी शिफ्ट दोनला सुटत असेल तर पावणेदोनपासून जो इन्चार्ज येणार आहे त्याच्यासोबत मशिनीमशिनीवर फिर. लॉगबुक तर लिहायचंच, पण फक्त लिहून जाऊ नको आणि फक्त बोलून पण जाऊ नको, वही दाखव, बोल, आणि जागेवर नेऊन बोट ठेवून दाखव. सगळ्यात आधी काय सांगायचं तर जे अर्धवट आहे ते. किती पीस झाले हे शेवटी, ते तर काउंटरवर दिसतेच. आणि समोरच्यानं काही न विचारता मान डोलावली तर समज त्यानं ऐकलं नाही, एखादी गोष्ट परत विचार. तुझ्या शिफ्टमध्ये झालेली खराबी तू स्वतः पुढच्या इन्चार्जला न लपवता सांगताना तुझ्या पोरांनी पाहिलं ना, की त्यांना वेगळं कॅरेक्टरचं लेक्चर द्यायची गरजच पडत नाही. उलटही तेवढंच खरं आहे बरं, तू एकदा त्यांच्यासमोर आकडे फिरवलेस तर ते तुझ्यापासून फिरवतील.

नावं. हे लोकांना फालतू वाटते. डब्ल्यूएचओनं २००८ मध्ये ऑपरेशन थिएटरसाठी १९ मुद्द्यांची एक चेकलिस्ट काढली, त्यात चिरा द्यायच्या आधी टीममधल्या सगळ्यांनी आपापलं नाव आणि काम सांगायचं असा एक मुद्दा आहे. २००९ मध्ये आठ शहरांमधल्या हॉस्पिटलचे आकडे आले, त्यात आपली नवी दिल्ली पण होती, ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर आले. अर्थात त्यात बाकीचे अठरा मुद्दे पण होते, नुसत्या नावानं कोणी वाचत नाही. पण ज्यानं एकदा तोंड उघडून नाव सांगितलं तो गडबड दिसल्यावर दुसऱ्यांदा तोंड उघडायला कमी लाजते, हे मी आमच्या कॉन्ट्रॅक्टच्या पोरांमध्ये रोज पाहतो. बहुतेक ठिकाणी त्यांना "ए कॉन्ट्रॅक्टवाले" म्हणून हाक मारतात, आणि मग त्यांनी ढिला बोल्ट पाहून न सांगितल्याचं आश्चर्य करतात. आणि एक, तुझ्याहून दहा वर्षं मोठा फिटर असेल तर तो तुझ्यासाठी भाऊच, पद कोणतंही असो. दोस्तांमध्ये "अबे" चालते, टपरीवर अजूनही चालेल, पण काम सांगताना आणि रागावताना "अबे" बंद कर. काल तो दोस्तीचा होता, आज तोच तोडून टाकते.

शब्द पाळणं. मोठमोठी वचनं कोणी मागत नाही बाप्पा. पोळ्याची सुट्टी, तान्ह्या पोळ्याला पोराला नंदीबैल घेऊन न्यायचं म्हणून अर्धा दिवस, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जायला सुट्टी, फाटलेले सेफ्टी शूज, बंद पडलेला पंखा, एवढंच असते. आणि आपण म्हणतो "बघतो". तुझ्या डिक्शनरीतून "बघतो" काढून टाक. एक तर तारीख दे, नाहीतर नाही म्हण. खिशात छोटी वही ठेव, त्याच्या समोर लिही, आणि त्या तारखेला काम नाही झालं तरी स्वतः जाऊन सांग की स्टोअरमध्ये शूज आले नाहीत, सोमवारी परत विचारतो. लोक "नाही" सहन करतात, लटकवून ठेवलेलं सहन करत नाहीत. सणांचं कॅलेंडर तर महिनाभर आधीच बोर्डावर लाव आणि कोण कधी जाणार ते सगळ्यांसोबत बसून ठरव, भांडण झालं तर तेव्हाच होऊन जाऊ दे.

बोर्डावरून आठवलं, ओव्हरटाइम पण तिथंच लाव. जुन्या दोस्तांचं जे तू विचारलं ना, त्याचं उत्तर मला वाटते इथंच आहे. ते हसतात कारण त्यांना पाहायचंय तू कोणाचा. तुझ्या टपरीवाल्या ग्रुपला सोपे जॉब आणि रविवारचा ओव्हरटाइम मिळतो असं बाकीच्यांना एकदा वाटलं की संपलं, आणि दोस्तांवर मुद्दाम जास्त कडक झालास तरी तेच, दोन्हीकडून हिशोब बिघडते. कोणाला किती तास मिळाले ते सगळ्यांना दिसू दे. चहा त्यांच्यासोबत पीच, खर्रा सोडलास तर तुझ्याच तब्येतीला बरं, पण तिथं शिफ्टमधल्या तिसऱ्या माणसाविषयी कोणी बोलायला लागला की विषय बदल. जो तुझ्याजवळ दुसऱ्याची चुगली करते तो तुझी पण कुठंतरी करतच असते, आणि तू ऐकून घेतलं ही बातमी अर्ध्या तासात शॉपमध्ये फिरते.

वरच्यांचा निरोप खाली नेताना दोन रस्ते सोपे वाटतात. "वरून आलंय, मी काय करू" हा एक, आणि मॅनेजरला शिव्या घालून पोरांचा लाडका व्हायचं हा दुसरा. दोन्हींत तू पोस्टमन होतोस. रविवारी यायला सांगितलं असेल तर आधी वर जाऊन विचार का, कारण समजून घे, पटलं नाही तर तिथंच केबिनमध्ये भांड, आणि ठरलं की खाली येऊन कारणासकट स्वतःच्या तोंडानं सांग. तसंच खालची खराबी वर सांगताना नाव घेऊन नको सांगू, "माझ्या शिफ्टमध्ये झालं" म्हण.

उशिरा येणारा, मोबाइलवाला, अशांशी बोलायचं ते बाजूला नेऊन, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात नाही. ग्रुपवर टाकलेला टोमणा तो घरी बायकोसमोर वाचते, विसर. काय पाहिलं, त्यानं काय झालं, पुढं काय पाहिजे, बस. "तू नेहमीच असा" हे नको. "या आठवड्यात तीनदा वीस मिनिटं लेट झाला, तोवर आधीच्या शिफ्टचा भाऊ तुझी मशिन सोडून जाऊ शकला नाही, त्याची बस सुटली. काय अडचण आहे?" मग ऐक. खरी अडचण असेल तर वेळ बदलून दे, नसेल तर स्पष्ट सांग की पुढच्या वेळी लेखी जाईल, आणि पुढच्या वेळी खरंच लेखी दे. पिऊन आलेला असेल तर यातलं काही करायचं नाही, चर्चा नाही, समजावणं नाही, मशिनवरून उतरव, सोबत माणूस देऊन नियमानं बाहेर पाठव, बोलणं दुसऱ्या दिवशी. इथं ढिला पडलास तर कोणीतरी जखमी होईल, आणि सगळे पाहतच असतात की दादा चांगला आहे का नुसता भित्रा आहे.

मॅनेजरचं काय करायचं हा तुझा प्रश्न राहिला. त्याच्याशी वाद घालू नको की ओरडणं वाईट आहे, तो मानणार नाही. त्याला आठवडाभरात आकडा दाखव, तुझ्या शिफ्टमध्ये किती गडबडी ऑपरेटरनं स्वतः सांगितल्या आणि त्यातल्या किती माल पुढं जायच्या आत पकडल्या. सुरुवातीला तुझं रिजेक्शन वाढलेलं दिसेल, हे त्याला आधीच सांगून ठेव, नाहीतर पहिल्याच महिन्यात तुझी शिकवणी घेईल.

क्लासचं म्हणशील तर इंग्रजी शीक, कस्टमरला मेल लिहायला कामात येते, पुढं क्वालिटीच्या ऑडिटमध्ये पण बरं पडते. फक्त शॉप ऐकेल म्हणून शिकू नको, शॉप नागपुरी हिंदीतच ऐकते. आणि बॅच घेशील तर चारची नाहीतर पाचची घे, दोन-अडीचची घेऊ नको, पावणेदोनला हँडओव्हर सुरू होते आणि ती कधीच वेळेत संपत नाही.